उपास तुझा, साबुदाणा कोण भिजवतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोबाईलवर एवढं मोठं पत्र लिहिता येतं हेच मला नवीन. नातीकडून अक्षरं मोठी करून घेतली आणि दुपारी निवांत वाचलं. वारीत लोणंदपासून तरडगावपर्यंत माझी पिशवी खांद्याला लावून चालत होतास, तेव्हा एवढं बोलला नव्हतास. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघून तुझे डोळे भरून आले होते आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तर तुझा प्रश्न. तुळशीची माळ घातलीस, दारू सुटली, मटण सुटलं, पहाटे उठतोस, हरिपाठ चुकत नाही, कुणावर आवाज चढवत नाहीस. आणि तरी बायको म्हणते, 'घराचा मठ केलास.' आषाढी होऊन भाद्रपद लागला, तरी घरातलं वातावरण निवळत नाही. 'मी वाईट असं काय केलं?' हे तुझे शब्द.

वाईट काहीच केलं नाहीस. माळ घालणं चांगलंच, आणि रागाच्या भरात कुणी 'काढून टाक ती' म्हटलं तरी काढू नकोस. पण ह्या प्रश्नाचं उत्तर माळकरी म्हणून मला देता येणार नाही. माझ्या गळ्यात माळ उशिरा आली, निवृत्तीच्या सुमाराला. त्याआधी उभा संसार मी माळकऱ्याची बायको म्हणून केला. उत्तर असलंच तर तिथे आहे.

आमचे हे पंढरपुराहून माळ घालून आले तेव्हा आळीतल्या बायकांनी मला ओवाळायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. 'भाग्याची गं,' म्हणाल्या. मलाही बरंच वाटलं. कारखान्यातली मंडळी आणि पगाराच्या रात्रीच्या पार्ट्या आपोआप तुटल्या. मग एकादशी आली. दशमीच्या रात्री साबुदाणा भिजत घालायचा. पाणी जरा जास्त झालं की सकाळी लगदा, कमी पडलं की दाणा आतून टणक. शेंगदाणे भाजायचे, सुपात चोळून टरफलं पाखडायची, कूट करायचं. भगर, तिच्यावर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. हे झालं एका माणसाचं. बाकीच्यांना रोजची भाकरी-भाजी आहेच, पोरांचे डबे आहेत, सासूबाईंना मऊ भात. दुसऱ्या दिवशी बारस, म्हणजे सकाळी लवकर पारणं आणि पुन्हा साग्रसंगीत स्वयंपाक. अकरा वाजता माझी शाळा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' सगळ्यांना पाठ आहे; दुप्पट रांधशी कुणी म्हणत नाही. वर्षाला एकादशा चोवीस, अधिक महिना आला की सव्वीस.

एका दशमीला मी साबुदाणा भिजवलाच नाही. विसरले नव्हते, भिजवला नाही. सकाळी ह्यांनी डबा उघडून पाहिला, पातेलं उघडून पाहिलं. मला म्हणाले, 'आज काय?' मी म्हटलं, 'आज एकादशी. उपास तुमचा आहे ना?' त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, येऊन गेला. मग परसात गेले, सासूबाईंनी आणून ठेवलेली रताळी धुतली, चुलीच्या निखाऱ्यात खुपसली आणि कामावर जाताना टॉवेलात बांधून घेऊन गेले. पुढे शेवटपर्यंत त्यांची एकादशी रताळं, केळं आणि कपभर दुधावर झाली. खरं सांगू, त्या दिवसापासून मला त्यांची एकादशी खरी वाटायला लागली. आधी तो उपास त्यांच्या तोंडाचा आणि माझ्या हाताचा होता.

तुझं पत्र वाचताना मी हेच शोधत होते. ह्या नव्या नेमाची किंमत कोण मोजतंय? तू लिहिलंयस, 'पहाटे साडेचारला उठतो.' गजर कुणाकुणाला उठवतो ते लिहिलं नाहीस. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मोबाईलवर काकडा लागला की रात्री साडेअकराला आवराआवर करून आडवी झालेली बाई झोपून राहते होय? ती बँकेत नोकरी करते, तिथे तिला पैसे मोजायचे असतात. तू लिहिलंयस, 'संध्याकाळी साडेसातला हरिपाठाला बसतो.' साडेसात म्हणजे पोरीच्या जेवणाची वेळ, आईच्या गोळ्यांची वेळ, कुकरची वेळ. घरात सगळ्यात जास्त हात लागतात त्या अर्ध्या तासात तू डोळे मिटून बसतोस. आणि तुला ती शांतता वाटते. ती तिच्या हातांनी राखलेली शांतता आहे.

हरिपाठ घड्याळाला बांधलेला नाही रे. आमच्याकडच्या बायका तो भाकऱ्या थापताना म्हणतात. तुझी कंपनीची बस हिंजवडीतून बाहेर पडायलाच तास घेते असं तूच म्हणत होतास. त्यात बसून म्हण. सावतोबांचं गाव अरण, पंढरपूर काही फार लांब नाही; पण सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला, अशी कथा आपण भक्तीने ऐकतो. मग आपल्या घरी आल्यावर मात्र सगळी कामं टाकून पाटावर बसल्याशिवाय आपला हरिपाठ होत नाही!

आता रविवारचं. हे वाचून मी जरा थांबले. तू लिहितोस, 'मी घरात मटण करायला बंदी केली नाही, फक्त मी खात नाही. तरी रविवार आला की ती चिडचिड करते.' पण वारीत तूच मला सांगितलं होतंस की तुमच्या घरी रविवारचं मटण तू करायचास. कागलचा तू. सकाळी स्वतः जाऊन मटण आणायचास, खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटण करायचास, तांबडा-पांढरा दोन्ही रस्से, आणि बायकोला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचा नाहीस. किती रंगवून सांगत होतास; बाजूचे माळकरी हसत होते. आता विचार कर, तिचं काय गेलं? तुला वाटतंय मटण गेलं. आठवड्यातलं एकुलतं एक जेवण तिला आयतं मिळत होतं, ते गेलं. तू माळ घातलीस आणि त्याचबरोबर ओट्यावरून उतरलास. ह्याचा पंढरीशी काही संबंध नाही.

तेव्हा येत्या रविवारपासून पुन्हा ओट्यापाशी उभा राहा. मासवडी कर. बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर कांदा-लसूण मसाल्याचा झणझणीत रस्सा. माळकऱ्यांच्या घरात ती उगाच का लाडकी झाली? वाटण तेच, हातही तोच. पहिल्यांदा वडी फुटेल, फुटू दे. आणि तिला, पोरीला मटण खायचं असेल तर त्याचीही सोय असू दे. आमच्या भागात एकाच घरात बाप माळकरी आणि पोरं खाणारी, असं सर्रास असतं. परसात तीन दगडांची चूल, टोप निराळा, पळी निराळी. दीर आणि पुतणे मिळून शिजवायचे आणि हे ओट्यावर बसून त्यांना 'मीठ बघा रे' म्हणायचे. तुझ्या फ्लॅटला परस नाही, पण बाल्कनीत इंडक्शनची शेगडी बसेल. वेगळं पातेलं तू विकत आण. आणि जेवायला त्याच पंगतीत बस. तुझं वरण-भाताचं ताट घेऊन बस, उठून जाऊ नकोस. तोंड कसनुसं करून बसणार असशील तर मात्र गेलेलं बरं. काही कडक मंडळी तुला सांगतील की अशा घरातलं पाणीही माळकऱ्याला चालत नाही. त्यांचा नेम त्यांच्यापाशी. त्यांच्या घरी बहुतेक सगळे आधीपासून माळकरी असतात, हेही लक्षात ठेव.

म्हाईला, म्हणजे जत्रेच्या जेवणाला, गावी जाशील तेव्हाही हेच. पै-पाहुणे आग्रह करतील, चेष्टा करतील, कुणी ताटात रस्सा ओतून गंमत बघेल. तुझी चुलती रडेल, 'माझ्या हातचं खात नाहीस.' तिच्या हातची चटणी-भाकरी मागून घे. तेवढ्यावर विषय मिटतो.

तुझ्या आईचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो नाजूक आहे. तू लिहितोस, 'आई मात्र खूप आनंदात आहे.' असणारच. लेक सुधारला, देवाधर्माला लागला. पण पुढच्याच ओळीत तू लिहितोस की आईने फ्रीजमधली अंडी काढून कामवालीला दिली आणि सुनेला म्हणाली, 'त्याच्या माळेचा तरी मान ठेव.' बाळा, हे तुला खटकलं कसं नाही? माळ तू घातलीस आणि तिच्या जोरावर सासूपण दुसरंच कुणी चालवतंय. सुनेला वाटणारच की तुम्ही दोघं एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. बायकोपुढे आईची बाजू घेऊ नकोस आणि आईपुढे बायकोची वकिलीही करू नकोस. अंडी तू आणून फ्रीजमध्ये ठेव. आईने विचारलं तर शांतपणे सांग, 'आई, माळ माझी आहे. नेम माझा.' तुझ्या तोंडून हे आलं तर आई चार दिवस गप्प राहील आणि विसरेल. सुनेच्या तोंडून आलं तर जन्मभर विसरणार नाही.

आणि पोरगी. चार वर्षांची पोर तुला विचारते, 'बाबा, अंडं खाल्लं तर पाप लागतं का? मम्माला लागलं का?' तू हे गोड म्हणून लिहिलंयस, शेवटी हसरा चेहराही टाकलायस. मला हसू आलं नाही. पत्रातल्या सगळ्या तक्रारी एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. तिच्या डोक्यात आई आणि बाप यांच्यामध्ये पाप-पुण्याची रेघ पडली. ती तू ओढली असशील किंवा आजीने, पुसायची तूच. आज रात्रीच तिला जवळ घे आणि सांग, मम्माला काही पाप लागत नाही, बाबाला नको वाटतं म्हणून बाबा खात नाही. एवढंच. टाळ हातात दे, वाजवू दे, कंटाळली की उठून जाऊ दे.

कीर्तनात तू गोरोबाकाकांची कथा ऐकली असशील. तेरचे गोरा कुंभार नामाच्या नादात माती तुडवत होते, रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं, त्यांना शुद्ध नव्हती. कीर्तनकार इथून पुढे चमत्कार रंगवतात. पुढे कीर्तनात लेकरू रांगत परत येतं, टाळ्या पडतात, बायका डोळे पुसतात. मीही पुसते. पण दर वेळी माझं मन पाणी आणायला गेलेल्या त्या बाईपाशी अडकतं. ती पोराला नवऱ्यापाशी ठेवून गेली होती. त्याच्या भरवशावर गेली होती. परत आल्यावर तिने जो आकांत केला, देवाला आणि नवऱ्याला जे बोलली, ते ऐकून मला ती कधी अज्ञानी वाटली नाही. ह्या कथेतला देवही शेवटी लेकरू परत देतो. तिचं म्हणणं त्यालाही खोटं पाडता आलं नाही, असं मला वाटतं. कीर्तनकारांना हे पटत नाही. न पटो.

नामदेवांच्या घरातलं तर आणखी उघड आहे. गोणाई म्हणजे आई, राजाई म्हणजे बायको. घरात खायला नाही आणि हा राउळात. गोणाई सरळ विठ्ठलाशी भांडते, माझं पोर मला परत दे म्हणते. राजाई जाऊन रखुमाईपाशी गाऱ्हाणं घालते, तुझ्या नवऱ्याला आवर, त्याने माझा नवरा नादी लावला. नामदेवांच्या गाथेत ही भांडणं अभंगांत आहेत. सातशे वर्षं झाली, कुणी ती गाळली नाहीत. वारकऱ्यांनी ती तशीच ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. संताच्या बायकोची तक्रार ही अडगळ आहे असं त्यांना वाटलं नाही. पुढे त्याच घरातून मुलांचे अभंग आले, सुनेचे आले, दारातल्या जनाबाईंचे आले. पण राजाईला कुणी आधी 'तू समजून घे' म्हणून गप्प बसवलं असेल असं मला वाटत नाही.

उलट तुकोबांच्या आवलीचं बघ. कजाग, तोंडाळ, नवऱ्याच्या परमार्थात आडवी येणारी, अशी नक्कल करून कीर्तनात हशा मिळवतात. भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात भाकरी घेऊन कोण चढायचं, हे मात्र एका वाक्यात संपवतात. असा हशा सुरू झाला की तू हसू नकोस. शेजारी बायको बसली असली तर मुळीच नको.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते तुला साधं वाटलं असेल: 'पूर्वी आम्ही खूप भांडायचो, आता मी भांडतच नाही, फक्त विठ्ठल विठ्ठल म्हणतो आणि उठतो, तरी ती जास्तच चिडते.' हे मी भोगलंय. हे माझ्यावर रागवायचे बंद झाले तेव्हा मला पहिल्यांदा घरात एकटं वाटलं. आधी निदान भांडायला माणूस होता. पोराच्या फीचा विषय काढला की चिडायचे, ताट सरकवायचे, पण तासाभराने 'किती भरायची आहे?' म्हणून यायचे. मग नुसतं हसायचे. 'पांडुरंग बघेल.' अरे पांडुरंग बघेल, पण फीची तारीख पंधरा आहे! मी म्हणते तेव्हा त्यांना मीच प्रपंचात अडकलेली दिसायचे आणि ते सुटलेले. नामाने राग कमी झाला असेल तर उत्तम. पण तिने काही विचारलं की उत्तर दे. 'विठ्ठल विठ्ठल' हे वाटेत भेटलेल्या माऊलीला म्हणायचं असतं, गॅस सिलिंडर कधी लावायचा या प्रश्नावर नव्हे. एखाद्या दिवशी चिडलास, भांडलास, तर माळ बाटत नाही. मला तर वाटतं तिला हायसं होईल.

ती तुला 'महाराज' म्हणते, नातेवाइकांत 'आमचे महाराज आले' म्हणून ओळख करून देते, याचा तुला फार त्रास होतो असं दिसतं. टोमणा आहेच, आणि चारचौघांत बोलू नये हेही खरं. तिचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. खिचडीत मुद्दाम बोनलेसचा तुकडा टाकला ही चेष्टा नव्हे. ते तिला सांग, नंतर, एकटी असताना, आणि 'तू माझा धर्म भ्रष्ट केलास' असलं नाटकी काही न बोलता. 'मला वाईट वाटलं' एवढं पुरे. पण टोमण्याच्या मागे काय आहे ते ओळख. लग्न झालं तेव्हा तिच्या ओळखीचा एक माणूस होता. तो वीस दिवस वारीला गेला आणि दुसराच कुणी आला. नवे मित्र, नवे शब्द, पहाटेचे फोन, दिंडीचा ग्रुप. तुझ्या आयुष्यात सगळ्यात मोठं जे घडलं, त्यात ती नव्हती. तिला परमार्थाची अडचण नाही. पुढच्या वेळी असा कुठे गेलास तर परत येशील का, ही तिची धास्ती आहे. ती बोलून दाखवणार नाही.

आणि धास्ती उगाच नाही. आपल्या परंपरेतच ज्ञानेश्वर माउलींच्या वडिलांची कथा आहे. विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले, संन्यास घेतला. गुरूला कळलं की मागे आळंदीत बायको आहे, तेव्हा त्यांनीच परत संसारात जायला सांगितलं. पुढे चार लेकरांनी 'संन्याशाची पोरं' म्हणून काय सोसलं ते तुला माहीत आहे. म्हणून एक गोष्ट मी ह्या वयात मोकळेपणाने लिहिते, तू लाजू नकोस. दिंडीत कुणीतरी तुला सांगितलं की आता ब्रह्मचर्य पाळ, आणि तू वेगळं अंथरूण घातलंस, तिला न सांगता. हा नेम कुणी लावला तुला? वारकरी संसारी माणूस असतो. परस्त्री मातेसमान, हा आपला नेम. बायकोकडे पाठ फिरवावी असा नेम मी ऐकलेला नाही. ही गोष्ट एकट्याने ठरवायची नसतेच. आज अंथरूण जागेवर आण.

पैशाचंही लिहायला हवं, तू ओझरतं लिहिलंयस म्हणून. दिंडीची भिशी भरलीस ते ठीक. अन्नदानाला पंचवीस हजार दिलेस आणि तिला बँकेच्या मेसेजवरून कळलं, हे ठीक नाही. दान चांगलं, पण तुमचा घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो. वर्षाला किती द्यायचं ते दोघांनी बसून ठरवा आणि त्यात तिच्या पसंतीचंही काही असू दे. तिला देवळाऐवजी तिच्या शाळेला द्यावंसं वाटलं तर दे. आणि माळ घालण्याचे, अनुग्रहाचे, घरी पायधूळ झाडण्याचे पैसे मागणारा कुणी भेटला, तर पायात चपला घाल आणि चालू लाग. हे सांगायला कुणा महाराजाची गरज नाही.

सुट्टीचा हिशेबही तसाच. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर तू चाललास खरा, पण ते वीस दिवस पोरीची शाळा सुरू होण्याचे होते, पुण्यात पाऊस होता आणि आईचा गुडघा सुजला होता. तेव्हा ती चालत होती. तुझ्या रजा संपल्या, आता दिवाळीत तिच्या माहेरी जायला रजा नाही. आणि तू मला विचारतोस, 'कार्तिकीला जाऊ का?' वर लिहितोस, 'पुढच्या आषाढीचं तर मी ठरवूनच टाकलंय.' ठरवून टाकलंय हे तिला कुठल्या भाषेत सांगितलंस?

यंदा कार्तिकीला जाऊ नकोस. भाऊबीजेला तिच्याबरोबर तिच्या माहेरी जा, बिनपगारी रजा घ्यावी लागली तरी जा. तिचा भाऊ तुझ्यासमोर ग्लास ठेवून गंमत करेल. हसून बाजूला सार. सासूबाईंना सांगून ठेव की माझ्यासाठी वेगळं काही करू नका. एकादशीला घरातून विठ्ठलाला हात जोड, रताळं उकडून खा. पुढच्या आषाढीचं माघात बोला, रजा टाकायच्या आधी. ती नको म्हणाली तर सगळी वाट चालू नकोस. पालखी पुण्यात दोन मुक्काम असते, त्यानंतरच्या दिवशी दिवेघाट चढून सासवडपर्यंत चाल आणि रात्री एसटीने घरी ये. तेवढ्याला ती आणि पोरगी बरोबर आल्या तर उत्तम, पण 'चल, तुलाही अनुभव येईल' असं म्हणू नकोस. नाथांचं, पैठणच्या एकनाथांचं, तुला ठाऊक असेल. मुलगा हरिपंडित बापाच्या वागण्यावर रुसून काशीला निघून गेला, तर नाथ त्याला आणायला गेले आणि त्याच्या अटी मान्य करून घेऊन आले असं सांगतात. अटी बापाने मान्य केल्या. आपण नाथांच्या समतेच्या कथा सांगतो, ही फार सांगत नाही.

ती कधीच माळ घालणार नाही, असंही होऊ शकतं. माझ्या माळेचं लोक आजही 'शेवटी नवऱ्याचं पुण्य फळाला आलं' असं कौतुक करतात. ह्यांनी मला एकदाही घाल म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर घातली नसती.

एक काम कर. माझा नंबर तिला दे. सांग की वारीतल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांचा नवराही असाच एक दिवस माळ घालून आला होता. तिला वाटलं तर करेल फोन, नाही तर नाही. दुपारी दोन ते चार मी रिकामी असते. आणि तिने केलाच, तर काय बोलणं झालं ते तिलाही विचारू नकोस आणि मलाही विचारू नकोस.

आईला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांग.

तुझी,
पिशवीवाली काकू